रुपया बोलतो, कात बोलतो, माणसं गप्प

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की माझा विषय आहे अठराव्या शतकातला मुंबईचा एक स्कॉटिश सर्जन, हेलेनस स्कॉट. त्यावर तुमच्यातल्या काहींनी विचारलं, बुलढाणा जिल्ह्यात बसून स्कॉटलंडच्या डॉक्टरवर पीएचडी कशाला? प्रश्न बरोबर आहे. घरीही हाच प्रश्न येतो, फक्त जरा जोरात. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मात्र त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल, कारण खरा विषय त्या चुकीतूनच सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. त्यात मी मोठ्या थाटात सांगितलं की १७९० च्या दशकात हेलेनस स्कॉट नावाच्या इंग्रज सरकारच्या सर्जननं लंडनला पत्र लिहून भारतीय शस्त्रक्रियेची मनापासून स्तुती केली होती. मोतीबिंदू, मुतखडा, नाक जोडणे, सगळं आपल्याकडे होतं आणि हे त्यानंच कबूल केलं होतं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, त्याच्या आधीचं वाक्य वाचता का?" मी वाचू शकले नाही. आधीचं वाक्य मी पाहिलंच नव्हतं. मला मिळालेला उतारा एका लेखातून आला होता, त्या लेखात दुसऱ्या लेखातून, आणि कुठल्यातरी टप्प्यावर वाक्याचं डोकं कापलं गेलं होतं.

आधीचं वाक्य असं आहे, माझ्या शब्दांत सांगते. स्कॉट म्हणतो की यांच्या वैद्यकाची मी फारशी स्तुती करू शकणार नाही, कारण वैद्यक ही नाजूक कला आहे. युद्ध, जुलूम आणि राज्यांची उलथापालथ तिला सोसत नाही. शस्त्रक्रियेचं तसं नाही. तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो, ती शिकायला सोपी आणि विसरायला अवघड. म्हणून तिथं मात्र स्तुतीला जागा आहे. त्यानंतर मोतीबिंदूचं भिंग खाली दाबणं आणि मुतखडा कापून काढणं येतं.

म्हणजे हे एकच वाक्य आहे, पण त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या बाजूंच्या कामाला येतात. 'आपल्याकडे सगळं होतं' म्हणणारे दुसरा तुकडा घेतात. 'इंग्रज आले म्हणून वैद्यक आलं' म्हणणारे पहिला. मी पहिल्या टोळीत होते, आणि मला ते माहीतही नव्हतं.

आता हा माणूस कोण ते थोडक्यात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, डंडी शहराच्या परिसरात, १७६० च्या आसपास जन्म. वडील चर्चमधले धर्मोपदेशक. शिक्षण अ‍ॅबर्डीन आणि एडिंबरा इथं. एडिंबराच्या विद्यापीठात १७२६ मध्ये वैद्यकाची शाखा सुरू झाली आणि पन्नास वर्षांत ती युरोपातल्या नामांकित शाखांपैकी एक झाली. पण स्कॉटलंड गरीब. एवढ्या शिकलेल्या पोरांना तिथं पोटापुरतं काम नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजांवर आणि पलटणींत सर्जन हवे होते. त्यामुळे कंपनीच्या सर्जनांच्या याद्या वाचायला घेतल्या की स्कॉट आडनावं पानोपानी भेटतात. आपल्याकडचा डीएड झालेला पोरगा जसा नोकरीसाठी कोकणात जातो, तसाच हा प्रकार, फक्त मध्ये काही महिन्यांचा समुद्र. उपमा जरा ओढूनताणून झाली, पण भावना तीच.

कंपनीच्या नोकरीत 'सर्जन' हे मुळात लष्करी पद. आधी असिस्टंट सर्जन, मग सर्जन, आणि नशीब व ओळखी असतील तर मेडिकल बोर्ड. स्कॉट या शिडीच्या वरपर्यंत पोचला. सुमारे तीस वर्षं तो हिंदुस्थानात होता, बहुतेक काळ मुंबई इलाख्यात. इंग्लंडला परतल्यावर आधी बाथ गावात आणि मग लंडनमध्ये व्यवसाय केला, आणि नोव्हेंबर १८२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना जहाजावरच वारला. बरोबर असलेली त्याची मुलं सिडनीला उतरली. त्याची मुलगी ऑगस्टा हिचा मुलगा डेव्हिड स्कॉट मिचेल हा पुढं एवढा मोठा ग्रंथसंग्राहक झाला की सिडनीचं मिचेल ग्रंथालय त्याच्या नावानं उभं आहे. मुंबईत जन्मलेला मुलगा अलेक्झांडर किडे-फुलपाखरांचा अभ्यासक झाला आणि त्याच्या मुली हॅरिएट व हेलेना यांनी काढलेली फुलपाखरांची चित्रं आजही नावाजली जातात. हे सगळं सापडलं तेव्हा मी दोन आठवडे फुलपाखरंच बघत बसले. मार्गदर्शक सरांना ते आवडलं नाही.

पण मला पकडून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या माणसानं एक कादंबरी लिहिली होती.

तिचं नाव 'एका रुपयाची साहसं'. लंडनमध्ये १७८२ ला छापली, तेव्हा लेखक विशी ओलांडून थोडाच पुढं गेलेला. कादंबरीत रुपयाच बोलतो. या हातातून त्या हातात जातो, हैदर अलीच्या वाटेनं जातो, शेवटी ब्रिटनला पोचतो, आणि ज्याच्या खिशात असेल त्याच्या खोड्या सांगतो. हा प्रकार त्याचा स्वतःचा नव्हे. १७६० मध्ये चार्ल्स जॉनस्टन नावाच्या लेखकानं एका गिनीच्या नाण्याची अशीच गोष्ट लिहिली होती आणि ती तुफान खपली होती. त्यानंतर नाणी, कोट, पिसवा असे कोणीही बोलायला लागले. स्कॉटची कादंबरी या रांगेतली एक, आणि खरं सांगायचं तर फार ग्रेट नाही. प्रसंग सुटे सुटे आहेत, माणसं पुठ्ठ्याची वाटतात, आणि उपदेश आला की रुपया एकदम चर्चमधल्या पाद्र्यासारखा बोलायला लागतो. बापाचा आवाज असावा.

तरी या कादंबरीत एक युक्ती आहे आणि ती लक्षात ठेवा. वस्तू हीच नायक. माणसं म्हणजे त्या वस्तूला पुढं सरकवणारे हात. हात येतात, जातात, त्यांची नावं लक्षात ठेवायची गरज पडत नाही.

आता पत्रांकडे या. ही पत्रं स्कॉटनं १७९० ते १८०१ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना लिहिली. आपल्यापर्यंत ती पोचली धरमपाल यांच्यामुळे. धरमपाल हे गांधीवादी अभ्यासक. लंडनच्या दप्तरखान्यांत वर्षानुवर्षं बसून त्यांनी हातानं कागद उतरवून आणले आणि १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरचं त्यांचं इंग्रजी संकलन प्रसिद्ध झालं. शेवटी ते सेवाग्रामला राहिले आणि २००६ मध्ये तिथंच गेले. म्हणजे आमच्या विदर्भाचेच म्हणायचे. त्या पुस्तकात स्कॉटच्या पत्रांचं एक स्वतंत्र प्रकरण आहे.

माझी टीका धरमपालांवर आहे का? थोडी आहे, पण जिथं लोकांना वाटते तिथं नाही. त्यांनी वाक्य अर्धं छापलं नाही. डोकं आणि धड दोन्ही त्यांच्या पुस्तकात शाबूत आहेत. कापाकापी नंतरच्यांनी केली, माझ्यासकट. अडचण दुसरी आहे. त्या प्रकरणात पत्रव्यवहाराची एकच बाजू आहे. स्कॉट बोलतो, बँक्स काय विचारत होता, कशासाठी विचारत होता, ते आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे पत्रं वाचताना असं वाटतं की एक भला डॉक्टर कौतुकानं भारून जाऊन आपणहून लिहितोय. पण पत्रांतले विषय एका खाली एक लिहून काढा: कापड रंगवायच्या पद्धती, तुरटी, हिंगूळ कसा बनवतात, जहाजाच्या फटी बुजवायला डांबराऐवजी वापरायची राळ, पोलाद, नाक जोडताना वापरायचा लेप. ही यादी कौतुकाची नाही. ही खरेदीची यादी आहे. ब्रिटनच्या कारखान्याला, जहाजाला, दवाखान्याला उपयोगी पडेल असं इथं काय आहे, याची चौकशी आहे. कौतुक त्यात आहे, खोटंही नाही. पण बाजारात भाजी हातात घेऊन बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं असतं तसलं ते कौतुक आहे.

पोलादाचंच बघा. दक्षिणेत मुशीत तयार होणारं पोलाद, ज्याला युरोपीय लोक 'वुट्झ' म्हणत (मूळ शब्द कन्नड 'उक्कु' असावा असं मानतात), त्याचे नमुने स्कॉटनं बँक्सला पाठवले. लंडनमध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची तपासणी करून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीसमोर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात काय आहे माहितीये? 'मुंबईत तयार होणारं' पोलाद. मुंबईत हे पोलाद बनतच नव्हतं. ते कर्नाटक-तेलंगणातल्या भट्ट्यांतून यायचं. मुंबईहून ते फक्त जहाजात चढलं. पण पार्सलवर पाठवणाऱ्याचं गाव असतं, बनवणाऱ्याचं नसतं. शीर्षकात पार्सलचा पत्ता गेला. पुढं १८२० च्या सुमारास मायकेल फॅरेडेनंही या पोलादावर प्रयोग केले. पोलादाचा प्रवास तुम्हाला टप्प्याटप्प्यानं सांगता येतो, अगदी रुपयाच्या कादंबरीसारखा. मुशीत कोळसा भरणारा हात कोणाचा, ते मात्र कुठंच नाही.

इथं मला पहिल्यांदा वाटलं की कादंबरी आणि पत्रं वेगळी वाचायची नाहीत. लिहिणारा एकच आहे आणि त्याची सवयही एकच.

आता नाकाची गोष्ट. ही स्कॉटच्या पत्राबाहेर जास्त तपशिलात सापडते. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक पत्र छापून आलं. टिपूविरुद्धच्या युद्धात, १७९२ मध्ये, इंग्रज फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी कैद झाला. नाव त्यांनी 'कावसजी' असं लिहिलंय. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं.

कृती वाचताना अंगावर काटा येतो, पण ती इतकी स्वच्छ आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकावर नाकाच्या आकाराचा बसवायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं रेघ मारायची. तेवढं कातडं कपाळावरून सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. नाकाच्या जागेची जुनी कड खरवडून ताजी करायची, तिथं चीर द्यायची, कपाळाचं कातडं अर्धा वेढा देऊन खाली आणायचं आणि त्या चिरेत बसवायचं. वर लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. रोग्यानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच मार्गानं शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पान सगळीकडे असतं.

आता त्या पत्रात कोणाकोणाची नावं आहेत ते मोजा. रोगी: आहे. शस्त्रक्रिया पाहणारे दोन साहेब डॉक्टर: थॉमस क्रूसो आणि जेम्स 'ट्रिंडले'. (हा ट्रिंडले म्हणजे बहुधा पुण्याच्या रेसिडेन्सीतला फिंडले, छापताना अक्षर चुकलं. तरी अक्षर चुकण्यापुरतं का होईना, नाव होतं.) रोग्याचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याचंही नाव आपल्याला माहीत आहे. आणि शस्त्र ज्याच्या हातात होतं तो? विटा करणारा. जात आहे, नाव नाही. बघणाऱ्याचं नाव उरलं, करणाऱ्याचं गेलं.

आता ते वाक्य परत आठवा. वैद्यक युद्धानं आणि जुलमानं बुडालं, शस्त्रक्रिया टिकली. स्कॉट हे लिहितो तेव्हा युद्ध करतंय कोण? पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानं संपलं, आणि १७९० ते १७९२ टिपूशी युद्ध, त्यातही कंपनीच. वाक्यात युद्ध आहे, पण ते जणू पावसासारखं वरून पडतं. कर्ता नाही. आणि ज्या शस्त्रक्रियेनं साहेब थक्क झाले तिचा रोगी कंपनीच्याच फौजेचे बैल हाकताना पकडला गेलेला. ज्या युद्धाला स्कॉट दोष देतो त्याच युद्धानं पुण्याच्या त्या कारागिराकडे नाक नसलेला माणूस पाठवला. हे स्कॉटला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं ते लिहिलेलं नाही.

मोतीबिंदूबद्दलही एक गोष्ट, कारण तिथं आपलीच माणसं घसरतात. स्कॉट म्हणतो की या गोष्टी आम्हाला आधी ठाऊक नव्हत्या. याचा अर्थ युरोपला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठाऊक नव्हती असा बरेच जण लावतात. तसं नाही. भिंग सुईनं खाली दाबण्याची पद्धत युरोपात रोमन काळापासून होती. उलट फ्रान्सच्या झाक डाव्हिएलनं १७४७ पासून भिंग दाबण्याऐवजी बाहेर काढायला सुरुवात केली होती आणि १७५३ मध्ये ती पद्धत जाहीर केली होती. स्कॉटला नवल वाटलं ते इथल्या लोकांनाही हे येतं याचं. दोन्हींत फरक आहे ना? चर्चासत्रात मी हा फरकही गिळला होता.

आणि आता 'बुलढाण्यात बसून कशाला' याचं उत्तर.

पत्रांत नाक जोडायच्या लेपासाठी एक शब्द येतो. इंग्रजी अक्षरं अशी: सी-ए-यू-टी-ई. मी तो सहा महिने 'कॉट' असा वाचत होते. इंग्रजी लेखांतही तो तसाच अवतरण चिन्हांत टाकून लोक पुढं जातात, जणू एखादा हरवलेला गूढ पदार्थ. आमचा मेहकरला पानठेला आहे. एका संध्याकाळी बाबा जेवायला गेले म्हणून मी ठेल्यावर बसले होते, सोबत छापील पानं. बाबा परत आले आणि म्हणाले, "काय वाचून राहिली गं एवढं?" मी शब्द दाखवला, अक्षरं एकेक करून सांगितली. बाबांनी पितळी डब्याकडं बोट केलं. "कात हाये ना मंग तो."

मी तेव्हा हसले. रात्री झोप लागेना.

संशोधनात असं कानाला लागलं की लगेच उडी मारायची नसते. याच पत्रांत 'डामर' आहे, पण तो झाडाची राळ; आज आपण डामर म्हणतो ते रस्त्यावरचं काळं. शब्द तोच राहतो आणि आतला माल बदलतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो. तो 'जंटलमन्स मॅगझीन'च्या पत्रात होता, आणि मी तो दहा वेळा वाचूनही बघितला नव्हता. तिथं लेपाचं नाव दिलंय 'टेरा जापोनिका', पाण्यात भिजवून मऊ केलेली. टेरा जापोनिका म्हणजे शब्दशः 'जपानी माती', आणि तो माती नाही, जपानचाही नाही. त्या काळी युरोपच्या औषधांच्या दुकानात खैराच्या कातालाच हे नाव होतं. म्हणजे एका पत्रात कात आपल्या बोलीतल्या नावानं आलाय आणि दुसऱ्यात युरोपच्या दुकानातल्या नावानं. दोन्ही पत्रं नाक जोडायच्या लेपाबद्दल, दोन्ही मुंबई इलाख्याच्या डॉक्टर मंडळींच्या वर्तुळातली. माझ्या मते शंका फारशी उरत नाही.

यात काही मोठा शोध लागला असं मला म्हणायचं नाही. पण बघा, मुंबईत एका सर्जननं कोणाला तरी विचारलं असेल, हे काय लावता? समोरच्यानं उत्तर दिलं असेल, कात. सर्जननं ऐकलं तसं लिहिलं. त्या एका शब्दापुरता त्या माणसाचा आवाज पत्रात आलाय. त्याचं नाव नाही, पण उच्चार आहे. पान खाणारा कोणीही मराठी माणूस तो ऐकू शकतो. लंडनच्या ग्रंथालयात बसून तो ऐकू येणं कठीण आहे. मेहकरला बसून मी हेच करते.

स्कॉटला एवढ्यावर निकाली काढणं मात्र अन्यायाचं होईल, म्हणून दोन गोष्टी त्याच्या बाजूनंही सांगते. त्याला यकृताचा जुना आजार होता. पाऱ्याच्या औषधांना पर्याय म्हणून त्यानं नायट्रिक आम्ल पातळ करून आधी स्वतः घेतलं, हिरड्यांवर काय होतं, भूक लागते का, ते टिपून ठेवलं, आणि १७९६ मध्ये 'बॉम्बे कुरियर'मध्ये छापलं. औषध पुढं टिकलं नाही. पण त्या लिखाणात तो वस्तूच्या मागं लपत नाही. दुखणारं पोट त्याचं स्वतःचं आहे आणि ते तो 'मी' म्हणून लिहितो. त्याचं सगळ्यात चांगलं गद्य मला तिथं सापडलं. कादंबरीपेक्षा कितीतरी चांगलं.

दुसरी गोष्ट देवीच्या लशीची. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गाईच्या देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली ती लस हिंदुस्थानात तिच्याच दंडावर पहिल्यांदा धरली. मुंबईतल्या या कामात स्कॉट पुढं होता. तिच्या फोडातल्या लशीतून आणखी मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असं ते पसरत गेलं. ही मोलकरणीची पोर, पण तिचं नाव आपल्याला माहीत आहे. मी आधी याचा खूप आनंद मानला होता: बघा, इथं तरी नाव लिहिलं! नंतर लक्षात आलं की नाव का लिहिलं गेलं. लस बाटलीत टिकत नव्हती, दंडावरून दंडावर न्यावी लागत होती. कुठून आली हे दाखवायला माणूस नोंदवावा लागला. ॲना हीच पार्सल होती.

बुलढाणा त्या वेळी या नकाशावर नव्हता. वऱ्हाड निजामाचं आणि वसुलीत नागपूरकर भोसल्यांचा वाटा. लोणारच्या सरोवरातला खार बांगड्या, साबण आणि रंगकामासाठी दूरदूर जायचा, म्हणजे स्कॉटच्या यादीत शोभेल असाच माल, पण त्याचं हिंदुस्थान बहुतेक किनाऱ्यालगतचं. स्कॉटिश पलटणी आमच्या शेजारी आल्या त्या २३ सप्टेंबर १८०३ ला, असईच्या लढाईत. भोकरदनजवळचं असई आमच्या जिल्ह्याच्या शिवेपासून लांब नाही. ७४ आणि ७८ या दोन हायलँडर पलटणी तिथं होत्या, त्यातली ७४ वी तर जवळजवळ कापली गेली. त्यांच्याबरोबरही असे तरुण सर्जन होते. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आत्ता लांबण नको.

पुढचं काम दोन ठिकाणी आहे. एक, मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मेडिकल बोर्डाचे खंड चाळायचे, बँक्सच्या मागण्यांचा माग तिथं लागतो का बघायचं. दोन, पुण्याकडची मोडी कागदपत्रं. विटा करणाऱ्या, नाक जोडणाऱ्या त्या माणसाला पेशव्यांच्या किंवा रेसिडेन्सीच्या हिशेबात कुठं बिदागी दिल्याची नोंद असेल, तर नावासकट असेल; पैसे देताना कारकून नाव लिहितोच. तुमच्यापैकी कोणाच्या घरात वैद्यकीचे मोडी कागद असतील, किंवा तुमच्याकडं कुंभारांत जखम जोडायची काही रीत आजी-आजोबांकडून ऐकली असेल, तर कळवा. ऐकीव असलं तरी चालेल, मी ऐकीव म्हणूनच नोंदवीन.

आणि एक प्रयोग केला तो सांगून थांबते. बाबांच्या डब्यातला कात घेतला, पाण्यात भिजवून साईसारखा केला, जुन्या धोतराच्या पट्ट्यांना लावला आणि पत्रात सांगितल्याप्रमाणे सहा पट्ट्या मनगटावर एकावर एक बसवल्या. पहिला तासभर नुसता गार चिखल. सकाळी उठले तर पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक, कातडीला ओढून धरलेली, आणि मनगट लालभडक रंगलेलं. काढायला कोमट पाणी लागलं. आईनं विचारलं हे काय करून ठेवलं. बाबा म्हणाले, "अभ्यास हाये तो."